माळवदावरचं धुराडं

सुनेचं तोंड आपण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नीट पाहिलं, असं माझ्या सासूबाई पुढं आल्यागेल्या बायकांना हसत हसत सांगायच्या. त्यात थोडं वाढवून सांगणं होतं, पण फार नव्हतं. मी सून म्हणून धारूरला आले तेव्हा त्यांचा सगळा दिवस स्वयंपाकघरात जायचा, आणि त्या घरात धुराशिवाय काही दिसायचं नाही.

माझं माहेर माजलगावचं, सिंदफणेच्या काठाला. तिथं आमची चूल परसातल्या कुडाच्या छपरात होती. धूर व्हायचा, पण वारा आला की निघून जायचा. धारूरचं घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे सागाच्या तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती लागून, त्यामुळं स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. धूर जायला माळवदाला एक भोक ठेवलेलं, त्याला सवणं म्हणत. पावसाळ्यात त्यावर दगड सरकवावा लागे, मग धूर घरातच कोंडायचा.

चुलीत जे मिळेल ते जायचं. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या, धारूरच्या डोंगरातून मोळीवाल्या आणायच्या ती लाकडं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लगेच विझते. ओली धावड्याची लाकडं तासभर नुसती धुमसायची. सासूबाईंचे डोळे कायम लाल, कडांना चिकट पाणी. वैद्यानं अंजन दिलं होतं, ते घालून त्या पुन्हा चुलीपुढंच बसायच्या. कोण आलं ते त्या पावलांवरून ओळखत. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, आज मी करते समदं, तुमी बाहेर बसा." तर म्हणाल्या, "तुझे डोळे काय दगडाचे हायेत का? बस गप. चूल म्हणल्यावर धूर असायचाच."

आमचं घर लिंगायत, पेठेत किराण्याचं दुकान. माल आणायला ह्यांना वर्षातून एखादी खेप हैदराबादला करावी लागे. अशाच एका खेपेला हे तिथल्या एका व्यापाऱ्याकडं उतरले होते. परत आल्यावर जेवताना सांगू लागले, "त्यांच्या चुलीवर भिंतीतूनच नळ काढलाय वरपर्यंत. समदा धूर त्यातून आभाळात. बायका पांढरी लुगडी नेसून सैपाक करत्यात."

मामंजी म्हणाले, "अन् पाऊस आला की?"

"वर झाकण हाय ना."

"माळवदाला आणखी एक भोक पाडायचं म्हणजे पाण्याला वाट करून द्यायची. मला न्हाई पटत."

विषय तिथंच थांबला. पुढं भाद्रपदात, पावसानं सवणं बंद असताना, सासूबाईंनी धुरात चाचपडत तव्यावरच हात ठेवला. सगळा तळवा भाजला. कोरफडीचा गर लावून मी हात बांधत होते आणि मामंजी दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी पायताण घातलं आणि स्वतः गवंड्याच्या घरी गेले.

गवंड्यानं असलं काम कधी केलं नव्हतं. ह्यांनी काठीनं जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. कुंभारानं मांडीएवढ्या जाड खापराच्या नळ्या भाजून दिल्या. चुलीवर दगडमातीची टोपी झाली, तिच्यातून नळ्या एकावर एक बसवून भोवती चुन्याचं बांधकाम झालं, आणि माळवदावर कमरेएवढं धुराडं उभं राहिलं. मिट्टीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, रिकामा डबा कापून, तीन दगडांवर ठेवून त्याचं झाकण केलं.

पहिल्या दिवशी धूर वर जाईना. सगळा उलटून घरात आला आणि मामंजी बाहेर ओसरीवर बसून खोकता खोकता म्हणाले, "झालं समाधान?" गवंडी ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्यानं धुराडं आणखी हातभर उंच केलं, झाकणाखालचे दगड मोठे घातले. मग मात्र चूल पेटवली आणि धूर सरळ वर ओढला गेला. सासूबाई चुलीपुढं बसून होत्या. डोळे पुसायला पदर उचलला होता, तो हातातच राहिला. माझ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या हनुवटीवर तीळ हाय की!"

मी लाजले. त्या मग भिंतीकडं बघू लागल्या, फळीवरच्या भांड्यांकडं बघू लागल्या. "केवढी काळी झालीत गं भांडी," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी राख आणि चिंच घेऊन भांडीच घासत बसलो.

आता शेजारचं सांगायला हवं. आमच्या भिंतीला भिंत लागून तहसिलीत कारकून असलेल्या पेशकारांचं बिऱ्हाड होतं. ते, त्यांची आई आणि बायको. घरात कडक पडदा. आमच्या माळवदावरून त्यांचं अंगण दिसायचं, म्हणून आमच्याकडचं कुणीही वर चढायचं झालं की आधी जिन्यात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "परदा करा, परदा!" पलीकडून टाळी वाजली की मग चढायचं. पेठेत सगळ्याच घरांत ही रीत होती.

पेशकारांची बायको माझ्याच वयाची होती. आम्ही तिला भाभी म्हणायचो. भिंतीत एक कोनाडा आरपार होता, त्यातून कोथिंबीर, ताक, कधी विस्तव अशी देवाणघेवाण चालायची. मला तिचा आवाज ओळखीचा होता, बांगड्यांचे हात ओळखीचे होते, चेहरा पाहिलेला नव्हता. धुराडं झाल्यावर चार दिवसांनी कोनाड्यातून आवाज आला, "अगे भैना, तुमारा धुवाँ अब हमारे पापडां पे आरा."

"मग पापड आत वाळवा की," मी म्हणाले.

"आत वाळते क्या पापडां? तू बी न!" आणि दोघी हसलो. त्यानंतर मी सकाळी चूल पेटवायच्या आधी तिला विचारून घ्यायची, पापड आहेत का म्हणून.

दोन वर्षं फार सुखाची गेली. सासूबाईंच्या डोळ्यांची लाली उतरली. घट बसायच्या आधी आम्ही सगळं घर झाडायचो, जळमटं काढायचो, भिंती पांढऱ्या मातीनं सारवायचो. पण धुराडं आतूनही झाडावं लागतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. धूर वर जातो आणि संपतो, असंच आम्हाला वाटायचं. दुसऱ्या पावसाळ्यात चुलीत सगळी ओली लाकडं गेली. मग धूर पुन्हा थोडा थोडा मागं येऊ लागला. कधी टोपीतून काळ्या चकचकीत खपल्या गळायच्या. एकदा वरणात पडली. मी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "डांबरावानी दिसतंय. बघू, गवंड्याला विचारतो." आणि दुकानाच्या गडबडीत ते राहून गेलं.

कार्तिकात मामंजी आणि हे कपिलधारच्या यात्रेला गेले. ते परत यायचे त्या दिवशी आमच्या गुरूंना, जंगमांना, जेवायला सांगायचं ठरलं होतं, म्हणून आदल्या दिवसापासूनच आम्ही कानवले तळायला घेतले. दुपार कलली होती. कढईखाली जाळ मोठा हवा म्हणून मी पऱ्हाट्यांची पेंढीच आत सारली. जाळ टोपीपर्यंत गेला.

आधी आवाज आला. रिकामं जातं कुणी जोरात फिरवावं तसा घरघर आवाज, भिंतीच्या आतून. मला वाटलं बाहेरून गाडी चाललीय. मग टोपीतून लाल निखाऱ्यासारख्या खपल्या चुलीवर पडायला लागल्या. आवाज वाढत गेला. नळीत खालून वारा ओढला जात होता, चुलीतला जाळ वर ताणला जात होता.

"आत्याबाई, आत पेट घेतलाय!"

मी सांडशीनं कढई उतरवली, लांब नेऊन ठेवली आणि तिच्यावर परात झाकली.  भरलेली घागर उचलून टोपीत पाणी मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"पाणी मारू नको. तापलेली खापरं हायेत, तडकतील अन् जाळ भिंतीत घुसंल. आधी विस्तू काढ."

त्यांनी स्वतः फावड्यानं चुलीतला विस्तव घमेल्यात ओढला, वर राख लोटली. मग न्हाणीतलं तरट रांजणात बुचकळून आणलं आणि टोपीच्या तोंडात कोंबायला लागल्या. "खालून वारा बंद करते. तू वर जा अन् तोंड झाक. पळ!"

मी दुसरं ओलं तरट घेऊन जिना चढले. परदा म्हणायचं भान राहिलं नव्हतं. वर पोचले तर धुराड्याच्या तोंडातून हातभर जाळ निघत होता आणि ठिणग्या वाऱ्यावर पेठेकडं चालल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या एका घराच्या माळवदावर कडब्याची गंजी होती. ठिणग्या तिकडंच जात होत्या.

आणि धुराड्याजवळ एक बाई उभी होती. डोक्यावर ओढणीसुद्धा नाही, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हातांनी एक ओली रजई ओढत होती. पाणी पिऊन रजई इतकी जड झाली होती की तिला उचलता येत नव्हती.

"देखती क्या? पकड!" ती ओरडली. आवाजावरून कळलं की ही भाभी.

तिनं अंगणातून जाळ पाहिला होता. त्यांच्या घरी कुणी पुरुष नव्हता. हौदात रजई बुडवून, शिडी लावून ती त्यांच्या माळवदावर आणि तिथून आमच्या माळवदावर आली होती. मी एका बाजूनं रजई धरली. तिनं तिथलाच एक दांडका घेऊन डब्याचं झाकण उडवलं. दोघींनी मिळून रजई धुराड्याच्या तोंडावर टाकली. वाफेचा एवढा लोट आला की आम्ही दोघी मागं पडलो. मी तरट वर टाकलं आणि कडा दाबून धरल्या. आतली घरघर हळूहळू कमी झाली. मग घुमल्यासारखा एक आवाज आला आणि सगळं शांत झालं. भाभी तोवर माळवदावर पडलेल्या ठिणग्या पायातल्या चपलेनं विझवत फिरत होती.

खाली पेठेत माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "काय झालं ओ?" तेव्हा कुठं भाभीला आपण कुठं उभ्या आहोत ते कळलं. ती तशीच धुराड्याआड बसली. मी तिच्यापुढं उभी राहिले, पदर पसरला आणि तिच्या मागून मागून शिडीपर्यंत गेले. उतरताना तिनं वर पाहिलं. तोंड काजळीनं माखलेलं होतं. "रजई अम्मीजानची हाय," एवढंच ती सासूबद्दल म्हणाली आणि उतरली.

त्या रात्री आम्ही चूल पेटवली नाही. दही आणि लाह्या खाल्ल्या. सकाळी सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. "वास येतोय," म्हणाल्या.

"कालचाच असंल."

"काजळीचा न्हाई. लाकूड जळतंय. साग."

त्यांनी भिंतीवर हात फिरवला. माळवदाच्या जरा खाली, धुराड्याजवळ, भिंत गरम होती. दुकानातल्या गड्याला बोलावलं, त्यानं पहारीनं तेवढा गिलावा पाडला. आत बघितलं तर गवंड्यानं तुळईचं टोक थेट नळीला टेकवून बांधकामात घेतलेलं होतं. दोन वर्षं ते लाकूड तापत, वाळत आलं होतं आणि कालच्या आगीनं आतल्या आत धुमसत होतं. हवा लागली तशी टोकाला लाली चढली. गड्यानं तांब्यानं पाणी मारून ते विझवलं.  त्या तुळईवर सगळं माळवद होतं.

त्याच दिवशी दुपारी मामंजी आणि हे परत आले. सगळं ऐकून मामंजी आधी पेशकारांकडं गेले. नवी रजई आणि फळं घेऊन गेले. परत आले तर तोंडात विडा होता, पण चेहरा गोंधळलेला.

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"बसा म्हणाले, पान दिलं. दुसरं काहीच बोलले न्हाईत. म्हातारीनं रजई घेतली न्हाई, तिथंच ठिवून आलो."

पुढचे काही दिवस कोनाड्यातून आवाज आला नाही. मी हाक मारली की म्हातारीचं खाकरणं ऐकू यायचं, म्हणून मी मागं सरायची. मग एके सकाळी पेशकारांच्या माळवदावर गवंडी चढले. रस्त्याच्या अंगाला पुरुषभर उंचीची भिंत उभी राहू लागली. पुढं पलीकडच्या बाजूलाही. आमच्या घरात सगळ्यांनाच वाईट वाटलं. पेठेत तिचं तोंड दिसलं म्हणून नवऱ्यानं भिंत घातली, असंच आम्ही समजलो. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरापायी त्या लेकराला कोंडलं."

भिंत पुरी झाली त्या दिवशी पेशकार स्वतः दुकानावर आले. ह्यांनी गादी सरकवून दिली. ते उभेच राहिले. म्हणाले, "दीवार हो गई. अब हमारे घर के लोगां ऊपर जा सकते, किसी की नजर नहीं पड़ती. तुमारी तरफ की बाजू खुली हाय, तुमारे घर के बी आ सकते." थोडं थांबून म्हणाले, "वो गवंडी को बोलो, हमारे यहाँ बी एक धुराडा बनाना हाय. मगर लकड़ी से दूर."

ह्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी दोनदा सांगायला लावलं. संध्याकाळी कोनाड्यातून हात आला, बांगड्या वाजल्या आणि आवाज आला, "अगे भैना, हाय क्या?" म्हातारीनं रजई घेतली का, ते मी विचारलं नाही. पुढं थंडीत ती नवी रजई त्यांच्या दोरीवर वाळत घातलेली दिसली.

आमच्या तुळईचं जळकं टोक कापून तिच्याखाली दगडाचा टेकू दिला. नळी आणि लाकूड यांच्यात हातभर जागा सोडून ती दगडमातीनं भरली. आणि दोन्ही घरांची धुराडी झाडायचं काम भाभीनं आणि मी घेतलं. वर्षातून दोनदा, एकदा पाऊस लागायच्या आधी आणि एकदा घट बसायच्या आधी. बोराटीच्या फांद्यांचा गच्च जुडगा करायचा, त्याला दोन्हीकडून दोर बांधायचा, खालच्या दोराला दगड. वरून तो नळीत सोडायचा. खाली सासूबाई टोपीच्या तोंडाशी जुनं लुगडं बांधून बसायच्या आणि दोर ओढायच्या. मग आम्ही वरून ओढायचो. खाली, वर, खाली, वर. काजळीचे ढीग निघायचे. पहिल्या वर्षी जुडगा मध्येच अडकला आणि भाभीनं इतक्या जोरानं ओढला की ती माझ्या अंगावर पडली आणि जुडगा आमच्या दोघींच्या तोंडावर फुटला. खालून सासूबाई ओरडत होत्या, "काय झालं गं? बोला की कुणीतरी!" आम्हाला हसण्यामुळं बोलता येईना.

झाडून झालं की चुलीत कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा आणि वरून तोंड झाकायचं. धूर कोंडला की कुठल्या फटीतून बाहेर येतो ते भिंतीवर दिसायचं. तिथं लगेच चुना भरायचा. एका वर्षी चिमण्यांचं घरटं निघालं, रिकामं होतं. तेव्हापासून झाकणाखाली तारेची जाळी बसवली. चुलीशेजारी राखेचं घमेलं आणि ओलं तरट कायम असायचं. रस्त्यापलीकडच्या घरानं कडब्याची गंजी माळवदावरून हलवावी म्हणून मामंजी स्वतः सांगून आले, आणि एकदा सांगून भागलं नाही म्हणून परत परत जात राहिले. काजळी आम्ही टाकून देत नव्हतो. शेणात कालवून भिंतीच्या तळाला काळा पट्टा ओढायचो. पेठेत तसा पट्टा आमच्या दोन घरांनाच होता.

हळूहळू बाकीच्या घरांतही धुराडी झाली. बायका विचारायला यायच्या, सासूबाई चुलीजवळ बसून सगळ्यांना सांगायच्या. त्यांचे डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत, पण सुईत दोरा ओवण्याइतकं दिसायचं. शेवटपर्यंत त्या स्वतःची वाकळ स्वतः शिवत राहिल्या.

काही वर्षांनी पेशकारांची बदली परळीकडं झाली. जायच्या आदल्या दिवशी भाभीनं त्यांचं धुराडं झाडायला घेतलं. मी म्हणाले, "आता कावून? तुमी तर चालल्या."

"आनेवाली को क्या मालूम," ती म्हणाली आणि दोर सोडला.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण आमच्या दुकानाचा माल घेऊन एक गाडीवान तिकडं जायचा. त्याच्याबरोबर तिचा निरोप आला. नव्या घरात धुराडं बांधायचं आहे, तुळईपासून किती लांब ठेवायचं ते गवंडी ऐकत नाही, तुमच्या आत्याबाईंना विचारून सांगा. सासूबाईंनी गाडीवानाला समोर बसवलं आणि आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत दाखवला. "एवढं. अन् तिला म्हणावं, बांधताना तिथंच उभी राहा, हलू नको."

पुढच्या खेपेला तो परत आला आणि आमच्याकडं जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, झालं का धुराडं.

"झालं की. मी तिथंच जेवलो. भाभी पडद्याआडून म्हणत होत्या, आमच्या चुलीपुढं बसून बघ, डोळ्याला पाणी येतंय का. न्हाई आलं."

सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.